वहिनीच्या दीर्घिका

नव्या भाताचा वास आला की लोकांना म्हणे प्रसन्न वाटतं. मला राग येतो.

दिघाशीला, माझ्या सासरी, अजून भात होतं. आश्विन सरत आला की कापणी लागते, भारे खळ्यावर येतात, झोडणी सुरू होते आणि तो गरम, कोंड्याचा, किंचित गोडसर वास घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो. सासूबाई ओंजळभर दाणे नाकाशी धरून म्हणतात, बघ गो, कसा वास सुटलाय. मी हो म्हणते, आणि माझी कानशिलं तापायला लागतात. नवरा आता सरावलाय. तो मुलांना सांगून ठेवतो, आईच्या वाटेला जाऊ नका, तुळशीचं लग्न झालं की उतरेल. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवसांत नववीच्या वर्गाला माझ्या हातून जरा जास्तच गृहपाठ मिळतो, हेही खरं आहे.

माझं माहेर भिवंडीजवळच्या वळचं. वळ म्हटलं की आता गोडाऊनच. कुणाच्याही मोबाइलवर येतंच ना, तुमचं पार्सल भिवंडीला पोचलंय म्हणून. अख्ख्या महाराष्ट्राचे मिक्सर, चपला, पुस्तकं आमच्या भातखाचरांच्या उरावर रचून ठेवलीयत. पण मी टी.वाय.ला होते तेव्हा हे सगळं नुकतं लागलं होतं. दोन हजार चार-पाचचे दिवस. बाबांनी रस्त्याकडची जमीन भरावाखाली घातली होती, तिच्यावर पत्र्याची दोन गोडाऊनं उभी राहिली होती, आणि मागं एकच खाचर शिल्लक होतं. त्या खाचरातली ती शेवटची कापणी. एका बाजूला विळे चालू, दुसऱ्या बाजूला डंपर मुरूम ओततायत. भाताचा वास आणि मुरमाची तांबडी धूळ एकदमच नाकात जायची. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. कशेळीच्या पुलापासून गाड्यांची रांग लागायची ती पार आमच्या फाट्यापर्यंत, आणि ड्रायव्हर लोक खाली उतरून आमच्या बांधावर बसून बिड्या ओढायचे.

त्याच वर्षी वैशाखात दादाचं लग्न झालं होतं. वहिनी कळव्याची, नाव नीलिमा. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली आणि मुंबईच्या एका सरांकडे संशोधनाला लागलेली. लग्न ठरवताना बाबांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता की शिकू दे तिला, आमी आडवनारे न्हाय. आणि खरंच, तिला कुणी अडवलं नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. कारण या सगळ्यात दुष्ट माणूस शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. मीही वीस वर्षं शोधते आहे.

वहिनी नेमकं काय करते, हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही दोघी मागच्या पडवीत सुका जवळा निवडत बसलो होतो. सुपात जवळा, त्यात बारीक शंखशिंपले, काड्या, कुठं एखादा इवला खेकडा. ती निवडता निवडता बोलत होती. आपली आकाशगंगा म्हणजे भाकरीसारखी चपटी चकती, आणि आपण त्या भाकरीच्या आत कुठंतरी बसलेलो. वर बघितलं, खाली बघितलं, तर बाहेरचं दिसतं, लांबलांबच्या दुसऱ्या दीर्घिका, म्हणजे आपल्यासारख्याच आकाशगंगा दिसतात. पण भाकरीच्या पातळीत बघितलं तर नुसती भाकरीच दिसते, म्हणजे आपलेच तारे आणि आपलीच धूळ. त्या धुळीच्या पलीकडे काय आहे, ते शेकडो वर्षं कुणाला दिसलं नाही. दीर्घिकांचे जुने नकाशे काढून बघितले तर सगळ्या आभाळात ठिपकेच ठिपके, आणि मधोमध हा एक कोरा पट्टा. त्या पट्ट्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय, टाळलेला पट्टा.

मी विचारलं, टाळला कुणी?

वहिनी हसली. म्हणाली, "लोकांनीच. तिथं बघायला त्रास होतो ना."

मला तेव्हाच तिडीक गेली. म्हणजे तिथं दीर्घिका आहेत, अब्जावधी तारे घेऊन बसल्यात, आणि यांनी नकाशात कोरी जागा सोडली आणि वर नाव असं दिलं की जणू त्या दीर्घिकाच कुठं तोंड लपवून बसल्यात. वहिनी म्हणाली, अगं, आभाळावर काय रागावतेस. मी म्हटलं, आभाळावर नाही, नाव देणाऱ्यांवर. ती पुन्हा हसली. तिला हसायला फार लवकर यायचं तेव्हा.

मग तिनं इन्फ्रारेडचं सांगितलं. डोळ्याला दिसणारा प्रकाश धुळीत अडकतो, पण त्याच्याहून लांब लहरींचा, उष्णतेच्या बाजूचा जो प्रकाश आहे, तो बराचसा धुळीतून पार येतो. राखेखालचा विस्तव दिसत नाही, पण हात नेला तर कळतो ना, तसंच काहीसं. पृथ्वीच्या वरच्या गोलार्धात एक आणि खालच्या गोलार्धात एक अशा दोन दुर्बिणी लावून सगळ्याच्या सगळ्या आभाळाचे इन्फ्रारेड फोटो काढून झाले होते आणि ते जगाला खुले केले होते. कुणीही घ्यावेत. परदेशातल्या मोठ्या प्रोफेसरच्या हाती जे फोटो, तेच वळच्या सुनेच्या हाती. या सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट मला न्यायाची वाटली होती.

सरांनी तिला पट्ट्याचा एक तुकडा नेमून दिला होता. दक्षिणेकडचा, आपल्या आभाळात जेमतेम वर येणारा. त्यात दीर्घिका हुडकायच्या आणि त्यांची जागा टिपायची. हे काम कॉम्प्युटर का करत नाही, असं मी विचारलं होतं. तर तिथं ताऱ्यांची इतकी खेचाखेच असते की कॉम्प्युटर जवळजवळच्या दोन ताऱ्यांनाच दीर्घिका समजून बसतो. त्याला माणसाचा डोळाच लागतो. दिवाळीनंतर सरांकडे यादी द्यायची, मग तिच्या नावानं पेपर, त्याच्या जोरावर पीएच.डी.ची नोंदणी. वहिनीचं सगळं त्या यादीवर उभं होतं. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मी अजून दर वर्षी मुलांना सांगते. आपली आकाशगंगा, शेजारच्या दीर्घिका, सगळं लटांबर एका दिशेला ओढलं जातंय, सेकंदाला कित्येकशे किलोमीटर. आणि ज्या बाजूला ओढलं जातंय, ते नेमकं या पट्ट्याच्या मागं आहे.

घरात कॉम्प्युटर नव्हता. कॉम्प्युटर होता गोडाऊनच्या केबिनमध्ये, हिशोबासाठी घेतलेला. प्लायवूडची खोली, एक घरघरणारा एसी, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर, दादाचं फिरतं खुर्चीसिंहासन. दुपारी हमाल लोक जेवायला बसले की दादाही घरी यायचा, आणि वहिनी पदर खोचून केबिनमध्ये जायची. सर सीडीवर फोटो द्यायचे. पांढऱ्या पडद्यावर काळे तारे, फोटो उलटे करून बघायची पद्धत असते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी कागदावर मोहरी सांडलीय. वहिनीनं खुर्ची मला दिली आणि शिकवलं. तारा कडेनं नेटका असतो. दीर्घिका विरलेली असते, ओल्या कापडावर शाईचा थेंब पडावा तशी. एका बाजूला लांबुडकी असेल तर नीट बघ. शंका आली तर खूण करू नकोस, उद्या परत बघ. दोन माणसांनी वेगवेगळं बघायचं आणि मग ताळा जमवायचा, म्हणजे चूक राहत नाही. दुसरं माणूस मी.

कॉलेजातून येऊन, चहाचा कप हातात घेऊन मी ते फोटो बघायचे. बाहेर टेम्पो मागं घेताना तो पिपाणीसारखा आवाज, हमालांची ओरड, "आनेदो, आनेदो, बस्स". पडद्यावर धूळ बसलेली असायची, ती ओढणीनं पुसायची, मग पडद्यावरचा ठिपका धुळीचा होता की आभाळातला ते ठरवायचं. आणि एका दुपारी मला दिसली. दाटीवाटीच्या ताऱ्यांच्या मागं एक फिकट, तिरकी रेघ. कितीदा तरी डोळे चोळले. वहिनीला हाक मारली, ती वाकून बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, आहे गं, आहे. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, त्याला कांद्याचा वास येत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड. पट्ट्याआडचा. वळच्या गोडाऊनमध्ये पोचला होता. त्या दिवशी आम्ही दोघी घरी येताना उगीचच जोरजोरात बोलत होतो.

वहिनी कामात पक्की होती. तेव्हा लोडशेडिंगनं भिवंडीचा जीव खाल्ला होता, लाइट कधी जाईल नेम नाही. म्हणून ती प्रत्येक फोटो झाला की यादी साठवायची, आणि उठताना एक प्रत फ्लॉपीवर घ्यायची. फ्लॉपी टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, धूळ लागू नये म्हणून. लोडशेडिंगपासून तिनं काम वाचवलं, धुळीपासून वाचवलं, पावसात केबिन गळत होती त्या पाण्यापासूनही वाचवलं.

आता घरातल्यांचं. तिला कुणी नाही म्हणत नव्हतं, उलट कौतुक. लग्नकार्यात बाबा पाहुण्यांना सांगायचे, आमची सून सायन्टिस हाय, आभालातलं बगते. पण कापणीला माणसं लागली तर त्यांच्या जेवणाला सून. पेंढा रचायला आले त्यांच्या चहाला सून. गोडाऊन भाड्यानं घेणाऱ्या पार्टीचे लोक आले तर मासे तळायला सून, कारण तिच्या हाताला चव. दुपारची वेळ अशी रोज कुणीतरी थोडी थोडी कुरतडून न्यायचं, आणि तिनं सहज म्हटलं की आज केबिनमध्ये बसायचं राहिलं, तर आई अगदी मनापासून म्हणायची, मग जा ना बाय, कोन आडवतंय? आणि तिच्या हातात सोलायचे लसूण द्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. मारणाऱ्यालाही पत्ता नसतो. मी आईशी भांडायचे. आई म्हणायची, तुला काय झालं, ती तर हसतेय.

आमच्या घरात एक रीत होती. लक्ष्मीपूजनाला लक्ष्मीपुढं जुनं लोखंड ठेवायचं नाही. आजोबांच्या वेळी नवा विळा असायचा. बाबांनी एका वर्षी मोटरसायकल ठेवली, एका वर्षी टेम्पो आणला आणि त्याला दारात उभा करून ओवाळलं. काहीतरी नवं आलंच पाहिजे. आणि दिवाळीआधी जुनं सगळं बाहेर. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरोघर हेच चालतं. पण जमिनी विकून-भाड्यानं देऊन आमच्या लोकांच्या हातात पैसा आला, तेव्हा ही रीत अंगात आल्यासारखी झाली. बिघडलं तर दुरुस्त कोण करतो, नवं आण. जुनं तर नवं आण. जुनं कशात होतं, ते बघायला कुणाला सवड नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहिनी आरतीचं ताट घेऊन केबिनमध्ये आली. मी तिच्या मागं करंज्यांचा डबा घेऊन. केबिनला नवा रंग दिला होता, त्याचा वास, बाहेर ओट्यावर वाळत घातलेल्या भाताचा वास. आणि लक्ष्मीच्या फोटोपुढं नवा कोरा कॉम्प्युटर. काळा, चपट्या पडद्याचा, झेंडूची माळ घातलेला. टेबलही नवं. दादा बाजूला उभा, नव्या शर्टात, तोंडभर हसत. त्यानं दोन दिवस ही गोष्ट पोटात ठेवली होती. म्हणाला, "नीलू, तुझ्यासाठी. आता बघ काय बघायचं ते आभाळ."

वहिनी ताट घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं विचारलं, "जुना कुठंय?"

दादानं सांगितलं की एक्स्चेंजमध्ये दिला, भिवंडीच्या दुकानात, टेबलासकट. त्या डबड्याला कोण घेणार होतं, तरी दुकानदारानं घेतला. वर पेन ड्राइव्ह फुकट दिला, हा बघ. त्या खणातल्या फ्लॉप्या दादानं साफसफाईत टाकून दिल्या होत्या, कारण दुकानदार म्हणाला की नव्या मशीनला फ्लॉपी लागतच नाही. हिशोबाचं सगळं मात्र दादानं दुकानदाराकडून नव्यात उतरवून घेतलं होतं. त्याबाबतीत तो चोख आहे.

बाबा म्हणाले, चल गो, वेल जातेय. वहिनीनं त्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. अक्षता टाकल्या. ओवाळलं. ताट तिच्या हातात जराही हललं नाही. मी तोंड उघडलं तर तिनं ताटाखालून माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. दादाला म्हणाली, छान आहे हो. दादाचा चेहरा उजळला. मला त्या क्षणी तो डबा सगळ्यांच्या डोक्यात घालावासा वाटत होता, आणि दादाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका तो खूश होता.

भाऊबीज होईपर्यंत दुकान बंद. ते दोन दिवस कसे काढले ते आम्हा दोघींनाच माहीत. मग बांगड्या घ्यायच्या म्हणून सांगून आम्ही रिक्षानं भिवंडीला गेलो. दुकानदार चांगला माणूस. त्यानं पाणी मागवलं आणि म्हणाला, "दीदी, वो तो उसी दिन फॉर्मेट मारके निकल गया." कुणाकडे गेला, तेही सांगितलं. एका लूमवाल्याकडे, म्हणजे यंत्रमागवाल्याकडे. आम्ही तिथंही गेलो. खालच्या शेडमध्ये लूमचा खडखडाट, बोललेलं ऐकू येत नव्हतं. वर माडीवर ऑफिस. आणि तिथं आमचा कॉम्प्युटर. त्याच्या कपाळावर गेल्या वर्षीच्या हळदीचा डाग अजून होता. पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला. मालक वयस्क, दाढीवाले, उठून उभे राहिले, बैठिए बाजी, म्हणजे बसा ताई, म्हणाले, आमच्यासाठी चहा सांगितला. वहिनीनं विचारून पाच मिनिटं त्या मशीनसमोर बसून घेतलं. एकेक कप्पा उघडून बघितला. काही नव्हतं. मालकांनी आपण होऊन विचारलं, मशीन परत पाहिजे का, घेऊन जा, माझं काय अडत नाही. वहिनी शुक्रिया म्हणाली, चहा पूर्ण प्याली, आणि आम्ही उतरलो. बांगड्याही घेतल्या, घरी दाखवायला लागल्या असत्या म्हणून.

परतताना रिक्षा ट्रकांच्या रांगेत अडकली. धूर, हॉर्न, ऊन. मी तोंडाला येईल ते बोलत होते. घरी जाऊन दादाला असं बोलते, बाबांना तसं विचारते. वहिनीनं मला गप्प केलं नाही. माझं संपू दिलं. मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली की हे घरात कुणाला सांगायचं नाही. "त्यांनी इतक्या हौसेनं आणलाय. त्यांना हे कळलं तर मला ते बघवणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, आणि तुझं काय? ती म्हणाली, फोटो सरांकडे आहेत. मी पुन्हा बघेन.

तिनं पुन्हा सुरुवात केली. हे लोकांना माहीत नाही. पहिल्या फोटोपासून, नव्या पडद्यावर. मीही बसले. पण तुळशीचं लग्न झालं आणि हळदी सुरू झाल्या. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात अख्खा गाव, धवलारणींची लग्नगीतं, पहाटेपर्यंत जेवणाच्या पंगती, आणि घरची सून हळदीला नसेल तर लोक नावं ठेवतात, सुनेला नाही, घराला. एका घरी हळद, दुसऱ्या घरी साखरपुडा, तिसऱ्याकडे बारसं. वहिनी सगळीकडे गेली. सगळीकडे छान नटून गेली. सर दोनदा फोन करून विचारून झाले होते. ती म्हणायची, होतंय सर. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मी तिच्या शेजारी होते, ती तांदूळ पाखडत होती, नवा तांदूळ, त्याच खाचरातला. सर म्हणाले की तुकडा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला होता, त्यानं पुरा केला, पेपर जातोय, तुझं नाव आभारात घालतो. सरांचंही काय चुकलं? तेही भले माणूस. किती दिवस थांबतील? वहिनी म्हणाली, ठीक आहे सर. फोन ठेवला आणि पुन्हा पाखडायला लागली.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त राग वहिनीचा आला. ठीक आहे म्हणे. काय ठीक आहे? मी तिला टाकून बोलले, तू मातीची आहेस का, तुला काही वाटत नाही का. ती सुपातला कोंडा फुंकत म्हणाली, "कुणावर रागावू सांग. इथं सगळे चांगले आहेत." मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

पुढं घरात एक गोष्ट तयार झाली. कुणी रचली माहीत नाही, आपोआपच झाली. नीलिमाला कंटाळा आला. बाबा म्हणायचे, शिकलेल्या बायांना लगीन झालं का कंटाला येतो. आईचं म्हणणं, दिवस गेले म्हणून तिनं सोडलं, बरं केलं, डोळ्यांना ताण पडतो. दिवस गेले ते पुढच्या वर्षी, पण हिशोब कोण बघतोय. दादा समजूतदार. तो म्हणायचा, मी कुठं नाही म्हटलं, मशीन आणून दिलं, आता तिची इच्छा. आणि मी शपथेत बांधलेली. दर दिवाळीला ही गोष्ट माझ्यासमोर करंज्यांबरोबर वाढली जायची आणि मी ती गिळायचे. त्या पट्ट्यामागं नव्या दीर्घिका सापडल्याची बातमी एकदा पेपरात आली, ती मी वहिनीला दाखवली. तिनं वाचली, बरं झालं म्हणाली, आणि कागदाची घडी करून मला परत दिली. मागच्या खाचरावर तिसरं गोडाऊन झालं, आता ती तिन्हींचं काम बघते. कराराची भाषा तिच्याइतकी कुणाला कळत नाही. पार्टीचे लोक दादाला नाही, तिला फोन करतात.

आणि आता या वर्षीचं. मी भाऊबीजेला वळला गेले. बाबा आता नाहीत, आई कानानं गेलीय. दादानं एका कंपनीच्या मॅनेजरला सहकुटुंब जेवायला बोलावलं होतं. मी दादाला ओवाळलं, त्यानं साडी दिली, पंगत बसली. बोलता बोलता मॅनेजरची बायको म्हणाली, वहिनींचं शिक्षण काय? दादाला तेवढंच पाहिजे होतं. म्हणाला, अहो, आमची मिसेस गॅलॅक्सी शोधायची, खोटं नाही सांगत, या इथं बसून. मी तिला पहिला फ्लॅट स्क्रीन आणून दिला. पण मग कंटाळली. बायकांचं असंच. आणि हसला. मॅनेजरही हसला. वहिनीही हसली, ताकाचा गडवा हातात घेऊन.

माझं डोकं फिरलं. शपथबिपथ काही आठवलं नाही. मी म्हटलं, "दादा, तिला कंटाळा आला नव्हता. तू तो जुना कॉम्प्युटर देऊन टाकलास ना, त्यात तिचं सगळं काम होतं. फ्लॉपीसुद्धा तूच फेकलीस."

त्याचा हात ताटात तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. पन्नाशीला आलेला माणूस, पण मार खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता. म्हणाला, "नीलू? खरं हाय?" वहिनीनं मॅनेजरच्या बायकोला विचारलं, अजून थोडा भात वाढू का. आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले. मनात कुठंतरी वाटत होतं की आज ती माझ्या गळ्यात पडेल. तिनं दार लोटलं आणि गडवा ओट्यावर ठेवला. इतक्या वर्षांत मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. चेहरा लाल, डोळे कोरडे, आवाज दबलेला.

"तुला वाटतं, तू माझ्यासाठी बोललीस."

मी म्हटलं, वहिनी, त्याला कळायला नको का कधीतरी?

"कळून काय होणार होतं? तो राग माझा होता, भारती. या घरात मला सगळं यांनी दिलं. साड्या, दागिने, मशीन. कुणी न दिलेलं असं एवढंच माझ्याजवळ होतं. रोज उठून त्याच्यावर मी उभी राहत होते. तुला काय वाटलं, राग तुला एकटीलाच येतो?"

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पाहुणे उठत असावेत. मग दादाचा आवाज, नीलू, इकडं ये ना जरा, नीलू, मला माहीत नव्हतं गं. तो रडत होता.

"ऐक," वहिनी म्हणाली. "आता दोन दिवस हे जेवणार नाहीत. सगळ्यांना वाईट वाटेल यांचं. मलासुद्धा."

तिनं नळाखाली तोंड धुतलं, पदरानं पुसलं, केस सारखे केले आणि बाहेर गेली. मी दाराआड उभी होते. दादा काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. मग मला तिचा नेहमीचा मऊ आवाज ऐकू आला.

"अहो, असं काय करता. काही नव्हतं हो त्यात."